घुमटाखालच्या मडक्याचा संशय

मित्रांनो, मी एक जुने मडके आहे. पाण्याचे नाही आणि लोणच्याचेही नाही. व्होल्गाकाठच्या एका कुंभाराने मला भाजले आणि गवंड्यांनी मला कॅथेड्रलच्या घुमटाखालच्या भिंतीत आडवे चिणले, तोंड तेवढे आतल्या बाजूला उघडे ठेवून. अशी आम्ही पुष्कळ भावंडे आहोत. आमच्याकडे प्रार्थनेला वाद्य वाजवत नाहीत. माणसांनी उभ्याने गायचे. तो आवाज पोटात घेऊन भरदार करून परत द्यायचा, हे आमचे काम. कौतुक मात्र सोनेरी घुमटांचे आणि संतांच्या चित्रांच्या भिंतीचे. आम्हाला कोण विचारतो!

शिडी दिसली की मला संशय येतो. एकदा देवधर्मावर बंदी घालणाऱ्या सरकारच्या माणसांनी शिडी लावून घंटाच उतरवून नेल्या. मग कित्येक वर्षे खाली बटाट्यांची पोती पडून होती. पुढे दारे उघडली, मेणबत्त्या लागल्या, तरी मला वाटायचे, यात काहीतरी काळेबेरे आहे.

यंदा ईस्टरच्या तोंडावर रंगकाम निघाले. येव्सेई गवंडी शिडी चढून माझ्यात डोकावला.

"चिमण्यांनी भिंत पोखरून ठेवलीय," असे म्हणत त्याने माझ्या तोंडात चुन्याचा गोळा कोंबला. भावंडांचीही तीच गत झाली.

मग गाणाऱ्यांची म्होरकी, म्हातारी ग्लाफिरा निकितिच्ना, तालमीला आली. तिने सूर लावला आणि ती मध्येच थांबली. सूर वर चढतच नव्हता.

"येव्सेई, काय केलंस रे भिंतीला?"

"भोकं बुजवली, ग्लाफिरा निकितिच्ना. बघा कशी गुळगुळीत झालीय!"

"आता गाऊन बघ."

"मी? माझा आवाज ऐकून बायको घराबाहेर जाते."

"गा म्हणते ना!"

तो गायला, आणि त्याचा चेहरा उतरला. "घोंगडी पांघरून गातोय असं वाटतंय हो."

"भोकं नव्हती ती, मेल्या, मडकी आहेत! परवा ईस्टर. मुक्या भिंतीपुढे गाऊ का मी?"

येव्सेई एकेका मडक्याचे तोंड मोकळे करत गेला आणि सगळ्यात शेवटी शिडी माझ्याकडे आली. छिन्नीचा घाव बसला आणि मला वाटले, संपले, हा मला फोडणार. पण येव्सेईने चुना हळूहळू कोरला, आत बोटे घालून खडा न् खडा वेचला. मग तिथूनच, लाजत लाजत, त्याने एक सूर सोडला. आम्ही सगळ्यांनी तो घेतला आणि घुमटभर फिरवून त्याला परत दिला. येव्सेई रडला. मलाही फार बरे वाटले.

मित्रांनो, जुन्या भिंतीत भोक दिसले तर ते बुजवण्याआधी तिथे एकदा गाऊन बघा. आत कुणीतरी वाट पाहत असेल.