काकांची शांतता

घरात मला सगळे 'रेडिओ' म्हणायचे. एकदा सुरू झाले की थांबायची नाही, खोटं कशाला बोलू! पण दादा आणि काका पॉडकास्टसाठी माइकसमोर बसले की मलाही तोंड मिटून बसावं लागायचं. दोघांच्या गप्पा तासन्‌तास चालायच्या. भाडी का वाढतात, घरकामाला पगार का नाही, आपण रांगेत निमूट का उभे राहतो. काका अर्थशास्त्राचे मास्तर. त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "किंमत कोणीतरी देतंच बघ. घेणाराच देईल असं मात्र नाही."

रेकॉर्डिंगची कापाकापी माझ्याकडे. गप्पांआधी दोघं मिनिटभर गप्प बसायचे आणि मी नुसत्या खोलीचा आवाज टिपून घ्यायचे. नंतर खोकला, अडखळणं कापलं की तिथे ती शांतता चिकटवायची, म्हणजे जोड कळत नाही.

काका गेले. दादा पार खचला. काही दिवसांनी तो एकटाच बोलायला बसला आणि मी घाईघाईत त्यात जुनीच शांतता चिकटवली. काका समोर बसलेले असतानाची.

ऐकताना अंगावर काटा आला. एका जोडात कोणीतरी श्वास घेतला. पुढच्या जोडात घसा खाकरला. मग काका म्हणाले, "चुकतोयस रे, परत सांग."

दादाला वेड लागायचंच बाकी होतं. रोज प्रश्न विचारायचा, जागा सोडायचा. मी तिथे शांतता चिकटवली की काका उत्तर द्यायचे. मलाही हवेच होते की ते! पण काकांचा आवाज खणखणीत होत गेला आणि दादाचा बसत गेला. डॉक्टर म्हणाले, घशाला काही झालेलं नाही. काल तर दादाचे नुसते ओठ हलत होते. तरी पठ्ठ्यानं कागदावर लिहून दाखवलं, 'चालू ठेव.'

डोंबल चालू ठेव! भाऊ आहे माझा. मी ती शांतता पुसायला घेतली. हेडफोनमध्ये काका कळवळून ओरडले, "थांब पोरी! आधी विचार कर, किंमत कोण..."

मी पुसली. ढसाढसा रडले.

तेवढ्यात आतल्या खोलीतून हाक आली, "ए रेडिओ!" दादाचीच, चांगली दणदणीत. माझा जीव भांड्यात पडला.

"आले, आले रे!" मी ओरडले.

"अगं, ओ का देत नाहीस?"

मी पुन्हा ओरडले. माइक समोर चालूच होता. पडद्यावरची आवाजाची रेघ जरासुद्धा हलली नाही.