गाण्यानंतरचा आवाज

"चूक सांगा," कात्री सर म्हणाले.

पडद्यावर जुन्या बॅचचा म्युझिक व्हिडिओ नुकताच संपला होता. गाणं थांबलं, चित्र काळं झालं, आणि तरी एका मुलाचा आवाज आलाच, "झालं ना? चला, जाम भूक लागलीय!" वर्ग खो खो हसला.

"आवाज बंद करायचा राहिला," पुढून कोणीतरी म्हणालं.

"बरोबर. याची भूक आपण कशाला ऐकायची?"

हा विनोद सर दर वर्षी करत. संकलन शिकवायचे, सगळ्यांचं काम कापत सुटायचे, म्हणून मुलांनी कात्री नाव ठेवलेलं. जुन्यांच्या चुका बघून नव्यांनी शिकावं, ही त्यांची पद्धत. पण गेल्या वर्षी एका गटाने जुना व्हिडिओ जसाच्या तसा उचलला आणि प्राचार्यांनी बजावलं, पुन्हा नक्कल सापडली तर जुनं काम कुलपात. तसं झालं तर शिकवायचं काय, हा सरांपुढे प्रश्नच होता.

आज हसली नाही ती एकच, चष्मेवाली. नंतर ती रोज जेवणाच्या सुट्टीत लॅबमध्ये येऊन तोच व्हिडिओ लावू लागली. सरांची चाहूल लागली की स्क्रीन बंद. सरांच्या मनात पाल चुकचुकली. ते बाटली विसरल्याचं सोंग करून परत यायचे.

"काय एवढं बघतेस त्यात?"

"काही नाही सर. शिकतेय."

"शिकतेय म्हणे!" सर स्टाफरूममध्ये म्हणाले. "पोरगी पक्की आहे. रंगेहाथ पकडतो, बघाच तुम्ही."

वर्षअखेरीला मुलांनी स्वतः केलेले व्हिडिओ जमा झाले. तिचा व्हिडिओ सरांनी दार लावून बघितला. गाणं वेगळं, जागा वेगळी, एकही शॉट उचललेला नाही. सर चक्क खट्टू झाले. मग गाणं संपलं, चित्र काळं झालं आणि आवाज आला, "झालं ना? चला, जाम भूक लागलीय!"

त्यांनी तिला तिथल्या तिथे बोलावून घेतलं. "अगं, नक्कल करायची तर निदान चांगल्याची करावी. चूक कसली उचलतेस?"

ती चष्मा पुसत राहिली. "तो माझा दादा आहे, सर."

"कोण?"

"भूक लागलेला. दोन वर्षं झाली त्याला जाऊन. घरी फोटो ढीगभर आहेत, पण आवाज कुठेच नाही. फोनही त्याच्याबरोबरच गेला."

सरांची कानशिलं तापली. त्या पोराच्या भुकेवर त्यांनी किती वर्ग हसवले होते! "नक्कल नाही ही," ते कसंबसं पुटपुटले. मग त्यांना येत होतं तेच त्यांनी केलं, शिकवायला लागले.

"हे बघ बाळ, आवाज असा एकदम तोडायचा नसतो. हळूहळू कमी करत न्यायचा." त्यांनी खुर्ची ओढून दिली, माउस तिच्यापुढे सरकवला.

तिने माउसवर हात ठेवला. दादा पुन्हा बोलला. हात जागचा हलला नाही.

"मार्क कापा सर," ती म्हणाली. "पण कमी करवत नाही."

सरांनी माउसकडे हात नेला आणि तसाच मागे घेतला.