शब्बाथची तार

मित्रांनो, मी एक जुनी तार आहे. होमेल शहरात रेल्वेच्या फाटकाजवळ उरलेल्या दोन खांबांवर मी लोंबकळते. माझा जन्म तारायंत्रासाठी झाला. तेव्हा माझ्यातून गाड्यांच्या वर्द्या धावायच्या. पुढे नवी तार आली आणि मला भंगारात काढलं. तिथून ज्यू वस्तीने मला उचलून आणलं.

शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या पवित्र विसाव्याच्या दिवशी ही माणसं घराबाहेर काही उचलून नेत नाहीत, अगदी हातरुमालसुद्धा. पण वस्तीभोवती तार फिरवली की सगळी वस्ती एकच घर मानतात. मी आले आणि आया लेकरांना कडेवर घेऊन प्रार्थनेला जाऊ लागल्या. माझं कोण कौतुक झालं! मी कुठे तुटले नाही ना, हे वस्तीतला तरुण नोखेम दर शुक्रवारी डोळ्यांत तेल घालून तपासायचा. खरं सांगते, मला ताठा चढला होता.

मग एकोणीसशे पंधराचा उन्हाळा आला. युद्ध पेटलं होतं. झारच्या सरकारने सीमेकडच्या ज्यूंना हेर ठरवून मालडब्यांत कोंडलं आणि दूर मुलखात धाडलं. अशी एक गाडी शब्बाथच्या भर दुपारी माझ्या पलीकडे, वीस पावलांवर येऊन थांबली. फळ्यांच्या फटींतून बोटं बाहेर आली. "पाणी! पाणी द्या हो!"

पाव भाजणारी फ्रुमा दोन भरल्या बादल्या घेऊन धावत आली. नोखेम हात पसरून आडवा झाला.

"मावशी, तारेपलीकडे नाही. आज शब्बाथ आहे."

"अरे मेल्या, आत पोरं आहेत!"

"मी रब्बींना विचारून येतो. तोवर पाऊल टाकू नका."

"तुझ्या तारेला घसा नाही रे, त्यांना आहे!"

पहाऱ्यावरचा शिपाई जांभई देत म्हणाला, "द्यायचं तर द्या की. मी कुठे अडवतोय?"

नोखेम पळत गेला. फ्रुमाने एकदा वर माझ्याकडे पाहिलं. जन्मभर पाळलेला नियम तिच्या पायात आला. ती तिथेच रडत उभी राहिली. एका डब्यातून एक बाई म्हणत होती, "निदान याचे ओठ ओले करा." थोड्या वेळाने ती म्हणेनाशी झाली.

वस्तीचे धर्मगुरू, म्हातारे रब्बी, धापा टाकत आले. त्यांनी बादली उचलली आणि माझ्याखालून पलीकडे गेले. एवढ्यात गाडी हलली. शेवटच्या डब्याला तेवढं पाणी मिळालं, बाकीचं खडीवर सांडलं.

"जीव जात असताना जो विचारत बसतो, त्याच्या हाताला रक्त लागतं, नोखेम," रब्बी म्हणाले. "आणि हे तुला आधी शिकवलं नाही, म्हणून माझ्याही."

पुढच्या स्टेशनावर त्या गाडीतून एक तान्हं मूल उतरवून पुरलं, असं दोन दिवसांनी कळलं. त्यानंतर गाड्या येतच राहिल्या. नोखेम दर शब्बाथला पहाटेपासून रुळांपाशी पाणी घेऊन उभा असायचा.

पुढे आणखी एक युद्ध आलं आणि ही वस्तीच मारली गेली. आता मला तपासणारं कुणी नाही. मी गंजले आहे.

मित्रांनो, तुमच्याही घराभोवती, गावाभोवती कसली ना कसली तार असेलच. तिला जरूर जपा. पण पलीकडून कुणी पाणी मागितलं, तर वर तारेकडे पाहू नका.