सत्तावन्न इंचांचं सीडर

अठ्ठावीस

ओन्नी रौटिओने चाळीस वर्षं डोंगरातली झाडं पाडली ती अठ्ठावीस इंची पात्याने. झाड नेहमीच पात्यापेक्षा जाड असायचं. एका बाजूने कापत यायचं, फिरून दुसऱ्या बाजूने उरलेलं कापायचं. लांब पात्याची करवत घेऊन येणाऱ्या पोरांना तो म्हणायचा, "काय रे, झाडाभोवती फिरायला पाय दुखतात का?"

हा माणूस जूनच्या पहिल्या सोमवारी माझ्या दुकानात आला आणि म्हणाला, "पोरी, तुझ्याकडे सगळ्यात लांब पातं कुठलं?"

मी करवतींचं दुकान चालवते. साखळ्या, पाती, तेल, कानशी, आणि कोपऱ्यात फुकटची कॉफी. कॉफीसाठी सुलो रोज येतो. तोही पूर्वीचा लाकूडतोड्या, आता पूर्णवेळ मत देणारा.

"कशाला हवंय?" मी विचारलं.

"लेम्पीसाठी."

लेम्पी म्हणजे त्याची थोरली बहीण, वय चौऱ्याहत्तर. तिच्या खुब्याची वाटी झिजलेली, बारा सप्टेंबरला ऑपरेशन ठरलेलं.

रुग्णालयाचा कागद

घराला पायऱ्या आहेत का? – तीन.
घरात आणखी कोण राहतं? – कोणी नाही. भाऊ समोर राहतो. नको तेव्हा येतो.
वॉकर घेऊन घरात शिरता येईल असा रॅम्प आहे का? – (इथे लेम्पीने काहीच लिहिलं नव्हतं.)
रॅम्प नसल्यास रुग्णाला सहा आठवडे शुश्रूषा केंद्रात ठेवण्यात येईल.

शेवटच्या ओळीखाली लेम्पीने पेन्सिलीने लिहिलं होतं : आई पण सहाच आठवड्यांसाठी गेली होती.

हा कागद ओन्नीने घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला होता. पातं बघताना तो दोनदा काढून त्याने मला दाखवला. त्याचं म्हणणं सरळ होतं. गेल्या नोव्हेंबरच्या वादळात लेम्पीच्या घरामागचं सीडरचं झाड आडवं झालं होतं. सीडर कुजत नाही, पावसाला दाद देत नाही. वीस फूट लांबीचा रॅम्प, तोही घरच्या झाडाचा. बहीण घरी येणार ती त्यावरूनच, असं त्याने तिला तोंडावर सांगून टाकलं होतं.

"फळ्या किती रुंद हव्यात?" मी विचारलं.

"सात इंच."

"आणि ओंडका?"

"सत्तावन्न."

"मग पाचर मारून चार तुकडे कर की," कोपऱ्यातून सुलो म्हणाला. "चार फाका झाल्या की तुझं जुनंच पातं पुरेल. आठवड्याचं काम."

ओन्नी सावकाश त्याच्याकडे वळला. "सत्तावन्न इंचांचं सीडर मी पाचर मारून फोडू? सुलो, रविवारी चर्चमध्ये तू माझ्या शेजारी बसतोस. लाज नाही वाटत?"

"मी नंतरच्या कॉफीला येतो फक्त."

"दिसतंच आहे."

छत्तीस

भिंतीवर होतं. त्याने हातात घेतलं, तोललं, परत टांगलं. "चाकू चांगला आहे," म्हणाला.

बेचाळीस

जून संपेपर्यंत दुकानात हाच एक विषय. लांब पात्याला दमदार इंजिन लागतं. लाकूड उभ्या रेषांतून कापायला साखळीचे दात वेगळे घासावे लागतात. पात्याच्या टोकाला तेल पोचत नाही, तिथे वेगळी डबी लावावी लागते. ओन्नी सगळं कागदावर लिहून घ्यायचा, दुसऱ्या दिवशी खोडून यायचा. बेचाळीस इंची पातं मागवलं, आलं, त्याने ओंडक्यावर आडवं धरून बघितलं आणि परत केलं.

लेम्पीचा दुकानात फोन आला.

"मारलिस, त्याचं पातं किती झालं?"

"साठावर आलंय."

"आणि माझा रॅम्प?"

"त्यावर अजून बोलणं नाही झालं."

"बरं. पातं वाढतंय म्हणजे पोरगं खातंपितं आहे," असं म्हणून तिने फोन ठेवला. पण लगेच परत केला आणि वेगळ्याच आवाजात विचारलं, "त्या केंद्रातल्या खोल्यांना खिडकी असते का गं?"

साठ

पातं सहा ऑगस्टला आलं. खोक्यातून काढलं तेव्हा दुकानातले तिघेजण आपोआप उभे राहिले. इंजिन सुलोचं, ट्रॅक्टरही त्याचाच. बदल्यात ओंडक्याचे वरचे दोन जाड थर सुलोचे, असं ठरलं.

फळ्या पाडायची चौकट मी दिली. ही चौकट पात्याला दोन्ही टोकांशी घट्ट धरते आणि ओंडक्यावरून घसरत जाते, म्हणून काप सरळ येतो. देताना मी सांगितलं, "ओन्नी, दोन्ही टोकं चौकटीत जातात. सहा इंच तिचे. साठाचं पातं चौपन्नच कापतं."

"पोरी, तू आयुष्यात झाड पाडलंयस का?"

"नाही."

"मग झालं."

त्याची चूक मला समजत होती, आणि ती अनाड्याची चूक नव्हतीच. चाळीस वर्षं ज्याने पात्याच्या दुप्पट जाडीचं झाड पाडलं, त्याला फळ्या पाडायचं गणित कोण शिकवणार? झाड पाडताना पातं एका बाजूने मोकळं असतं. इथे ते दोन्हीकडून बांधलेलं. मला हे माहीत होतं, कारण झाड न पाडलेल्या माणसाला सूचनापुस्तिका वाचायला वेळ मिळतो.

शनिवारी सकाळी सहाला आम्ही सगळे लेम्पीच्या आवारात जमलो. आगीचा मोसम असल्याने दुपारी एकनंतर करवत चालवायला बंदी. लेम्पी पडवीत स्वयंपाकघरातली खुर्ची घेऊन बसली होती, मांडीवर वेलदोड्याच्या पावाची थाळी. ओन्नीने चौकट चढवली, ओंडक्याच्या तोंडाशी नेली आणि खाली बसवली.

बसेना.

पुन्हा उचलली. पुन्हा बसेना. तीन बोटं कमी पडत होती.

"चौकट चुकलीय," ओन्नी म्हणाला.

सुलोने पाव तोंडात टाकला. बोलावं लागू नये म्हणून.

बहात्तर

हे यायला चार आठवडे लागले असते. ओन्नीने दुकानाच्या नंबरावर तिथूनच फोन लावला. मी शेजारीच उभी होते, दुकानात कोणी नव्हतं, त्यामुळे घंटा बराच वेळ वाजत राहिली.

"मागव, मागव," पडवीतून लेम्पी म्हणाली. "बहात्तरचं आलं की शंभरचं मागव. मी काय, असेन तिकडे. खिडकीतून बघेन."

"लेम्पी, तू गप्प बस. लाकडातलं तुला कळत नाही."

"नाहीच कळत. एवढंच सांग, मोजलंस ते साल धरून की सालीच्या आत?"

ओन्नी ओंडक्याकडे वळला. सुलोने पाव गिळला.

"अरे, मी विचारतेय, रॅम्प सालीचा करायचाय का लाकडाचा?"

चौपन्न

साल काढायला दोन दिवस गेले. सीडरची साल वीस-वीस फुटांच्या पट्ट्यांनी सुटते, लांबलचक आणि ओलसर. दोघं म्हातारे फावड्याने ती सोलत होते आणि लेम्पी खुर्चीतून दाखवत होती, इथे राहिली, तिथे राहिली. सोलून झाल्यावर ओन्नीने टेप लावला. चौपन्न, आणि वर नखाएवढं. ते नख त्याने कुऱ्हाडीने छाटलं आणि त्याबद्दल कुणी काही बोलू नये अशा नजरेने सगळ्यांकडे बघितलं.

मग काम सुरू झालं. पहिला थर दोन सकाळी. इंजिन ओरडायचं, साखळी कुरतडत कुरतडत पुढे जायची, दर तासाला मी तिचे दात कानशीने घासायचे. एक वाजला की सगळं थांबवून सावलीत बसायचं. दुसरा थर तीन सकाळी. ट्रॅक्टरने ते दोन्ही सुलो ओढून घेऊन गेला. त्यांतून आरामात आठ रॅम्प झाले असते. मी ते बोलून दाखवलं.

"ते कडेचं," ओन्नी म्हणाला. "लेम्पीला मधलं."

मधली फळी दोन इंच जाड काढायची होती. तिसऱ्या सकाळी, वीसांपैकी एकोणीस फूट झाल्यावर, सुलोच्या इंजिनाने एक उचकी दिली आणि ते कायमचं बंद पडलं. एवढं लांब पातं त्याला झेपलं नव्हतं. सुलो टोपी काढून उभा राहिला.

उरलेला एक फूट ओन्नीने स्वतःच्या अठ्ठावीस इंची करवतीने कापला. एका बाजूने अर्धा, मग फिरून दुसऱ्या बाजूने. चौकट नाही, टेप नाही. काप आरशासारखा आला.

चार सप्टेंबर. फळी सुतारकामाच्या दोन लाकडी घोड्यांवर आडवी. चौपन्न इंच रुंद, वीस फूट लांब, लालसर तपकिरी, मध्ये कुठेही गाठ नाही. अख्ख्या खोऱ्यातून माणसं बघायला आली. लोक हात फिरवायचे, मागे सरायचे, पुन्हा हात फिरवायचे. पाद्री आले, त्यांनी चर्चसाठी टेबलाचा विषय काढला. किनाऱ्यावर हॉटेल चालवणारा एकजण आला, त्याने विषय न काढता सरळ पाकीट काढलं. ओन्नी सगळ्यांना सांगायचा, "ही बहिणीची आहे." आणि पुन्हा खुर्ची ओढून फळीशेजारी बसायचा.

तीन दिवस तो तसाच बसला होता.

फोन

रुग्णालयातून व्यायामतज्ज्ञ बाईंचा ओन्नीला फोन आला तेव्हा मी आवारातच होते.

"मिस्टर रौटिओ, रॅम्प तयार आहे का?"

"फळी तयार आहे."

"मी रॅम्पबद्दल विचारतेय."

"बाई, तुम्ही फळी बघायला हवी."

"शुक्रवारपर्यंत रॅम्पचा फोटो आला नाही, तर मला केंद्रातली खोली नक्की करावी लागेल. मग ती बदलता येत नाही."

ओन्नीने फोन खिशात ठेवला. खिशात तो कागद होता, तो बाहेर आला. त्याने तो उलगडला, पेन्सिलीची ओळ वाचली. त्याच्या मनात काय चाललं होतं ते मला माहीत नाही. एवढंच दिसलं की त्याने फळीच्या कडेवर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

सात

दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला. भिंतीवरच्या पात्यांकडे त्याने बघितलंही नाही.

"तुझी ती विजेवरची छोटी करवत आहे ना, सुतारकामाची? दोन दिवस दे."

तिचं चक्र सव्वासात इंचांचं. मी दिली आणि दुकान बंद करून त्याच्यामागे गेले, कारण फळीचं दुसरं टोक धरायला कुणीतरी लागणार होतं.

आधी चार-चार फुटांचे पाच तुकडे. मग प्रत्येक तुकड्याच्या उभ्या सात फळ्या. खोऱ्यात आजवर कुणी पाडली नसेल एवढी रुंद फळी त्याने दोन दिवसांत पस्तीस साध्या फळ्यांत कापून काढली. प्रत्येक फळीच्या मागे पेन्सिलीने आकडा घातला, एक ते पस्तीस.

सतरावी कापताना माझ्याच्याने राहवेना.

"ओन्नी, हे जूनमध्ये पाचर मारूनच झालं असतं."

"झालं असतं."

"मग?"

"मग ही कधी रुंद झालीच नसती ना," तो म्हणाला, आणि करवतीचं बटण दाबलं.

शुक्रवारी फोटो गेला. फोटोत फळ्या होत्या, कठडे होते, आणि कोपऱ्यात सुलोचा अंगठा होता.

पस्तीस

लेम्पी पंधरा तारखेला सुलोच्या गाडीतून घरी आली. उतरायला तिला पाच मिनिटं लागली आणि तेवढ्या वेळात तिने आम्हा तिघांनाही एकेकदा झापलं. मग वॉकर पुढे टाकला. प्रत्येक जोडावर त्याची चाकं टक् करत होती. ओन्नी शेजारून उलट्या पावलांनी वर चढत होता, हात पुढे, तिला न लावता.

मध्यावर ती थांबली. खाली बघितलं.

"ह्या त्याच का? माणसं बघायला यायची ती?"

"त्याच."

"साध्याच दिसतात."

"ओळीने लावल्यात," ओन्नी म्हणाला. "खाली आकडे आहेत."

"खाली वाकून कोण बघणार?"

"कोणी नाही."

"ओल्यात घसरणार नाही ना?"

"मी उद्या वाळू मारतो."

"उद्या नको, आत्ता मार. तू उद्या म्हणालास की मला चौपन्न इंच ऐकू येतं."

सुलो हसला. ओन्नी हसला नाही. "तू जिच्यावर उभी आहेस ना," तो हलकेच म्हणाला, "ती अगदी गाभ्यातली."

लेम्पीने पायाखाली पुन्हा एकदा बघितलं. यावेळी जरा जास्त वेळ. मग वॉकर उचलून पुढच्या फळीवर टाकला.

"गाभा राहू दे. दार उघड, मला बाथरूमला जायचंय."

तो उरलेल्या सगळ्या फळ्या ओलांडून धावत गेला आणि त्याने दार उघडलं.