इन्व्हर्टरच्या अलीकडे

नानांचं ऑक्सिजनचं मशीन घरी आलं आणि झोप उडाली ती जावयाची. नाना आपले शांत होते. उभा जन्म त्यांनी लोकांना पोहायला शिकवण्यात घालवला होता. आता फुप्फुसांनी दगा दिला, तरी दम लागणं ही त्यांना काही नवलाची गोष्ट नव्हती. नाकाला नळी लावून ते खिडकीपाशी बसत आणि समोरच्या मैदानातल्या पोरांचे खेळ बघत. जावई मोटार चालवायला शिकवायचा. त्याचे वर्ग सकाळ-संध्याकाळ, त्यामुळे दुपारभर नानांची जबाबदारी त्याची. बायको रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये नोकरीला होती. तिथे फोन कपाटात ठेवावा लागे.

वीज अधूनमधून जायची, म्हणून इन्व्हर्टर आणला होता. पण एकदा वीज परत आली ती असा झटका देऊन, की टीव्ही जागच्या जागी गेला. जावयाने धसका घेतला. टीव्हीचं झालं ते मशीनचं झालं तर? तो बाजारात जाऊन चांगल्यातला स्पाइक गार्ड घेऊन आला, म्हणजे विजेचा वाढीव झटका स्वतःच्या अंगावर घेणारा लांब बोर्ड. तो त्याने इन्व्हर्टरला जोडला आणि मशीनची पिन त्या बोर्डात खोचली. बायको म्हणाली, इन्व्हर्टरच्या दुकानातल्या बाईंना एकदा विचारून घे. त्यावर त्याचं म्हणणं, काळजी घेतल्याने कधी कुणाचं वाईट झालंय का?

नाना जेवता जेवता हसले. त्यांच्याकडे एक गृहस्थ पोहायला यायचे, म्हणे. कमरेला ट्यूब, काखेत ट्यूब, हाताला फुगे. सगळं बांधून होईपर्यंत तलाव बंद व्हायची वेळ व्हायची.

सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं. वीज जायची तशी लगेच यायचीही. पण एका दुपारी कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर बदलायचं काम निघालं आणि वीज गेली ती गेलीच. जावई स्वयंपाकघरात ताट वाढून घेत होता. आधी त्याला वाटलं, काहीतरी करपतंय. गॅस तर बंद होता. वास बाहेरच्या खोलीतून येत होता, प्लास्टिक जळाल्यासारखा. तो धावत बाहेर आला तेव्हा स्पाइक गार्डचं पांढरं कवच एका बाजूने पिवळं पडून वितळायला लागलं होतं. त्याने हिसका देऊन पिन काढली. मशीनने एक लांब शिटी मारली आणि त्याची घरघर थांबली.

अशा वेळेसाठी दाराआड एक लहान सिलेंडर ठेवलेला होता. जावयाने तो ओढत आणला, नळी जोडली आणि किल्ली फिरवायला लागला. किल्ली जागची हलेना. तो जोर लावत राहिला. हात घामाने ओले झाले होते, आणि आपण ती उलटी फिरवतोय हे काही त्याच्या डोक्यात शिरेना. नानांचे ओठ निळसर दिसायला लागले होते. त्यांनी हात उचलला आणि तळवा खाली करून हळूहळू खाली आणला, काठावर उभं राहून भेदरलेल्या पोराला करतात तसा.

"आधी तू श्वास सोड," ते तुटक तुटक म्हणाले. "मग किल्ली."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नानांनी जावयाला कधी 'तुम्ही'शिवाय हाक मारली नव्हती. तो चमकून थांबला. त्याने श्वास सोडला आणि किल्ली दुसरीकडे वळवली. फस्स आवाज झाला, सिलेंडरवरचा काटा वर चढला. जरा वेळाने नानांच्या ओठांवर रंग परतला. जावई तिथेच फरशीवर बसला.

मग त्याने फोन करायला घेतले. लॅबमध्ये निरोप ठेवला, संध्याकाळचे वर्ग रद्द केले आणि इन्व्हर्टरवाल्या बाईंना बोलावलं. मशीन जळलं, आणि ते आपणच जाळलं, अशी त्याची खात्रीच झाली होती. नानांना त्याने तसं सांगितलंही. नानांनी हातानेच ते उडवून लावलं. बोलण्यात श्वास घालवायची त्यांची तयारी नव्हती.

बाई आल्या त्याच सुमाराला वीजही आली. त्यांनी वितळलेला बोर्ड उलटसुलट करून पाहिला, मशीनची वायर आणि पिन तपासली आणि ती सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावली. जावयाने डोळे मिटून घेतले. आधी काहीच झालं नाही. मग ओळखीची घरघर सुरू झाली, आणि मशीनवर ऑक्सिजन किती येतोय ते दाखवणाऱ्या काचेच्या नळीतली छोटी गोळी तरंगत आपल्या खुणेपाशी येऊन थांबली.

"मशीनला काही झालेलं नाही," बाई म्हणाल्या. "मेला तो तुमचा पहारेकरी. त्याला उभा चुकीच्या दारात केला होतात."

मग त्यांनी समजावून सांगितलं. भिंतीतून येणारी वीज झोक्यासारखी सलग खाली-वर होते. या साध्या इन्व्हर्टरची वीज मात्र पायऱ्या चढल्यासारखी, धक्के देत येते. स्पाइक गार्डला ती प्रत्येक पायरी झटक्यासारखी वाटते. तो ती गिळत राहतो आणि तापत जातो. म्हणून त्याची जागा इन्व्हर्टरच्या अलीकडे, भिंत आणि इन्व्हर्टर यांच्यामध्ये, आणि तोही तेवढा भार पेलणारा हवा. पलीकडे मशीनची पिन थेट इन्व्हर्टरमध्ये. शिवाय मशीनच्या मोटरलाही ही पायऱ्यांची वीज मानवत नाही, तेव्हा सलग वीज देणारा इन्व्हर्टर त्या स्वतः आणून बसवणार होत्या. तोवर वीज गेली तर सिलेंडर आहेच.

बाई जिना उतरत असतानाच बायको धापा टाकत वर आली. तिला निरोप अर्धवटच मिळाला होता. ती बुटांसकट आत शिरली आणि आधी बापाची नाडी धरली, मग नळी पाहिली, मग नवऱ्याकडे पाहिलं. विचारून घ्यायला हवं होतं, असं तोच म्हणाला. तिने त्यावर काही बोलायला तोंड उघडलं आणि तिला हसूच आलं. हसता हसता डोळे भरून आले.

"जेवलास का?" तिने विचारलं.

ताट ओट्यावर तसंच होतं. तिने त्यात आणखी थोडं वाढलं आणि दोघं उभ्या उभ्या एकाच ताटात जेवायला लागली. बाहेर नाना घोरायला लागले होते, चांगले खणखणीत. एरवी तिने जाऊन त्यांची मान सरळ केली असती. आज दोघं घास हातात धरून ऐकत राहिली.