आधी पाट्या

तिने दुसरी पाटी खांबावरून सोडवली, छातीशी कवटाळली आणि झाडांच्या रांगेतून बागेबाहेरच्या मोकळ्या जागेकडे धाव घेतली. मोबाइल खिशात होता. त्यातल्या रडारच्या नकाशावर गारांच्या ढगाचा जांभळा डाग तिने नुकताच पाहिला होता, आणि तो सरळ मामाच्या बागेवर चालून येत होता.

पाटी म्हणजे थर्मोकोलचा जाड तुकडा, वर चंदेरी कागद ताणून बसवलेला. गार आदळली की खळगा उमटतो, आणि खळग्यावरून गारेचा आकार कळतो. हवा तापत चालली तशा गारा कमी वेळा पडतात, पण पडतात त्या मोठ्या, असं तिचं म्हणणं होतं. पीएचडी त्याच म्हणण्यावर उभी होती. म्हणजे उभी राहायची होती. दोन हंगाम कोरडे गेले होते. जिथे पाट्या तिथे गारा नाहीत, आणि पडल्या तर नाकावर टिच्चून चार गावं पलीकडे. मार्गदर्शक बाई आताशा फोनवर नुसतं "हं" म्हणायच्या. म्हणून यंदा तिने मामाच्या सफरचंदाच्या बागेत पाट्या लावल्या.

"गारांना आवतण देणारी भाची आमच्याच नशिबी यायची होती," मामी म्हणाली होती. मामाने तिचं नाव ढगूबाई ठेवलं आणि खांब मात्र स्वतः रोवून दिले.

आज सकाळपासून ती एका जागी बसली नव्हती. व्हरांड्यातून अंगणात, अंगणातून परत आत. मोबाइल उघडायचा, मिटायचा, पुन्हा उघडायचा.

"पायाला भिंगरी लागलीय का गं?" मामीने विचारलं.

"ढगू, आज जाळी ओढून ठेवू का?" मामा म्हणाला. बागेवरची गारा अडवणारी जाळी कायम ताणून ठेवली तर फळ रंग धरत नाही, म्हणून तो ती गरजेपुरतीच ओढत असे.

"आत्ता नको. मी सांगते ना वेळेवर."

आणि आता वेळ आली होती. पण पाट्या बागेच्या मधोमध होत्या. जाळी ओढली की त्याही जाळीखाली जाणार, आणि गारा वरच अडणार. आधी पाट्या, मग हाक, असं तिने ठरवलं, किंवा ठरवण्याआधीच तिचे पाय धावले. तिसऱ्या पाटीचा स्क्रू गंजला होता. तो हलेना. बोट सोलवटलं तेव्हा कुठे पाटी हाती आली. पाटी मोकळ्या जागेत नीट बसवून झाल्यावरच ती ओरडली,

"मामा! जाळी!"

दोघं धावत आली. मामाने एक दोर धरला, मामीने दुसरा. ती मधून ढकलू लागली. वरची अर्धी बाग झाकली गेली आणि पहिली गार तिच्या खांद्यावर बसली. मग आभाळच फुटलं. तिघं पत्र्याच्या शेडखाली पळाली. त्या आवाजात मामी काहीतरी म्हणत होती, ते कुणालाच ऐकू आलं नाही.

थांबलं तेव्हा खालच्या अर्ध्या बागेत झाडांवर पानही धड नव्हतं. कोवळी फळं गारांत मिसळून पडली होती.

"तू होतीस म्हणून अर्धी तरी वाचली," मामी म्हणाली आणि तिचा सुजलेला खांदा चोळू लागली.

फोन वाजला. मार्गदर्शक बाई होत्या.

"मिळाल्या का?"

"मिळाल्या. मोठ्या आहेत."

"शाब्बास! अगं, केवढी मोठी गोष्ट आहे ही!" इतक्या महिन्यांत त्या पहिल्यांदाच हसल्या.

फोन ठेवून ती खालच्या बागेत गेली. मामा फाटक्या जाळीचा गुंता सोडवत उकिडवा बसला होता.

"मामा, मला आधीच कळलं होतं. मी पाट्या हलवत बसले."

"पाहिलं मी. व्हरांड्यातून."

"मग उठला का नाहीत?"

"उठत होतो." त्याने एक गाठ दाताने सैल केली. "पण म्हटलं, ढगूला ठाऊक. ती ओरडत नाहीये म्हणजे वेळ असणार. मग बसलो परत."

तिने एक फळ उचललं, पुसलं, आणि कुठे ठेवावं ते न कळून हातातच धरून राहिली. मग सवयीने मोबाइल काढला. टेकडीमागे दुसरा डाग होता.

"मामा, अजून एक येतोय. आत्ता लगेच, उठा!"

मामा उठला. पण दोराकडे गेला नाही. कपाळावर हाताचा आडोसा धरून त्याने टेकडीवरचं आभाळ या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळलं. आणि मग दोर उचलला.