अर्थची वायर

धाकटीने गाता गाता ओठ माइकला टेकवले आणि कुणी चापट मारावी तशी मान मागे झटकली. बेस गिटारची जाड तार तिच्या बोटाखालून सुटली आणि खोलीभर बेसूर घुमत राहिली. ड्रमवाल्याने काठ्या मांडीवर ठेवल्या.

"परत?" कप्तान म्हणाला. गिटार तोच वाजवायचा, गटही त्यानेच जमवला होता, म्हणून कप्तान.

"चावला," धाकटी ओठ चोळत म्हणाली.

"माइक चावायला तो काय कुत्रा आहे? मीपण त्याच माइकवर गातो. मला कधी चावला नाही."

"तुला चावून त्यालाच इंजेक्शन घ्यावं लागेल," ड्रमवाला म्हणाला. धाकटी हसली नाही. तिने कोपऱ्यात पाहिलं. तिथे, तिच्या ॲम्पशेजारी, स्टुलावर तिचे भावजी बसले होते. बहिणीचा नवरा म्हणून तिचे भावजी, बाकीच्यांचे डॉक्टर. दिवसा विमा कचेरीत कारकुनी आणि संध्याकाळी मेलेल्या ॲम्पमध्ये जीव घालणं, म्हणून ते नाव पडलं होतं. धाकटीचा ॲम्प तर पहिल्या स्क्रूपासून त्यांनी स्वतः बांधलेला.

"डॉक्टर, तुम्हीच सांगा हिला," कप्तान म्हणाला.

"हवा कोरडी आहे," ते म्हणाले. "त्यात लोकरीचा स्वेटर. होतं असं कधी कधी."

बोलताना त्यांची नजर ॲम्पच्या बटणांवर होती. एक बटण त्यांनी उगाच थोडं फिरवलं आणि पुन्हा होतं तिथे आणलं.

धाकटीने स्वेटर काढून खुर्चीवर टाकला. गाणं पुन्हा सुरू झालं. तिचंच गाणं होतं ते, चालही तिची. पण या वेळी ती माइकपासून हातभर लांब उभी राहिली, आणि गाण्यातला तो हळू, जवळून म्हणायचा भाग ड्रमच्या आवाजात वाहून गेला. वरच्या पट्टीला ती क्षणभर पुढे झुकली, थबकली आणि तालातून निसटली.

कप्तानने हात वर केला. "हे बघ, राग मानू नकोस. धास्ती बसलीये तुझ्या मनात. कार्यक्रम तोंडावर आलाय. तू फक्त वाजव, गाणं मी घेतो."

"माझं गाणं?"

"आपलं गाणं," कप्तान म्हणाला.

खोली लाकडाच्या वखारीमागे होती, आवाज अडावा म्हणून भिंतींना जुन्या गाद्या टेकवल्या होत्या. गाद्यांमुळे तिथे शांतताही जाड वाटायची.

चहाच्या वेळी ती कप घेऊन कोपऱ्यात आली. "भावजी, ॲम्पमध्ये तर काही नाही ना?"

"ॲम्प ठणठणीत आहे," ते म्हणाले. चहा त्यांच्या जिभेला भाजला.

ठणठणीत नव्हता. आणि हे जगात एकट्या त्यांनाच माहीत होतं.

ॲम्प पहिल्यांदा या खोलीत आणला त्या दिवशी सगळे भोवती जमले होते. त्यांनी बटण दाबलं आणि बेसच्या आधी एक भुंगा बोलू लागला. गटाने त्या घुमण्याला लगेच तेच नाव दिलं: भुंगा. कारण त्यांना ऐकताक्षणीच कळलं. त्यांचा ॲम्प आणि माइक ज्याला जोडले होते तो गटाचा मिक्सर, दोघांना जमिनीकडे जाणारी आपापली वाट होती. दोन वाटा मिळून एक वेढा झाला होता आणि त्या वेढ्यात भुंगा अडकला होता. उपायही ठाऊक होता. मिक्सरकडे जाणाऱ्या वायरीत एक लहानसा ट्रान्सफॉर्मर बसवायचा, बस. पण ट्रान्सफॉर्मर घरी खणात होता, आणि इथे कप्तान हातावर हात बांधून उभा होता.

"डॉक्टर, पेशंट कण्हतोय तुमचा," तो म्हणाला होता.

सगळे हसले. धाकटी सोडून. तिचा चेहरा पडला होता, जणू ॲम्प नव्हे, घरचं माणूसच चारचौघांत चुकलं होतं. तेवढ्यात बाहेरून चहा आल्याची हाक आली, सगळे निघाले, आणि एकटे उरल्यावर त्यांनी प्लग उघडला. हिरवी वायर, अर्थची, जमिनीकडे जाणारी, स्क्रूतून सोडवली, मागे दुमडली आणि तिच्यावर काळी पट्टी गुंडाळली. पट्टीचं टोक नखाला धरता यावं म्हणून नेहमीसारखं दुमडून ठेवलं. उद्याच काढायची होती ना ती.

मंडळी परत आली तेव्हा भुंगा गेला होता. टाळ्या झाल्या. कप्तानने त्यांच्या पाठीवर थाप मारली. "मानलं!" धाकटी म्हणाली, "मी सांगितलं नव्हतं?"

तो उद्या मग आलाच नाही. ट्रान्सफॉर्मर बसवायचा तर आधी सांगावं लागलं असतं की भुंगा गेलाच नव्हता, त्याच्या तोंडावर नुसता हात ठेवला होता.

आणि हे कुणी करावं? ज्या माणसाने या सगळ्यांना वायरी जोडायला शिकवताना एकच वाक्य घोकून घेतलं होतं त्याने. "बाकी काहीही काढा," ते बोट नाचवत म्हणायचे, "पण अर्थ काढू नका. अर्थ काढलात की अनर्थ झालाच म्हणून समजा." गटात त्याची म्हणच झाली होती. कुणी कुणाच्या बोलण्यावर रुसलं की दुसरा म्हणायचा, "अर्थ काढू नकोस रे, डॉक्टर रागावतील."

ॲम्पमधला एक कपॅसिटर त्यांनी मोडीतल्या रेडिओतून काढून बसवला होता. तो किंचित गळका होता. त्यातून थोडी वीज पत्र्याच्या खोक्यावर झिरपे. हिरवी वायर जागेवर असती तर ती मुकाट जमिनीत गेली असती. आता ती बेसच्या तारांवर येऊन थांबत होती, आणि तारांवर हात ठेवून धाकटीने माइकला ओठ लावले की तिच्या अंगातून वाट काढत होती. आज चिमट्याएवढी. कपॅसिटर पुरता फुटला तर केवढी, हा विचार ते अर्ध्यावर सोडून देत.

त्या संध्याकाळी जेवताना बायको म्हणाली, "अहो, धाकटी सोडतेय म्हणे गट. कार्यक्रम झाला की."

त्यांनी घास तसाच धरला. "का?"

"म्हणते, माझ्यातच काहीतरी बिघाड आहे. माइक दिसला की अंग आक्रसतं. आरशासमोर उभी राहून कंगवा ओठांना लावून बघते, तेव्हाही दचकते." बायकोने त्यांच्या ताटात भाजी वाढली. "तुम्ही समजवा ना तिला. तुमचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ आहे तिला."

"समजावतो," ते म्हणाले आणि पाणी प्यायले.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून येताना त्यांनी मनाशी ठरवलं: काहीतरी निमित्त काढून ॲम्प घरी आणायचा, वायर जोडायची, ट्रान्सफॉर्मर बसवायचा. कुणाला पत्ता लागणार नाही. तिला चिमटा बसणं थांबेल, धास्ती आपोआप जाईल. सापही मरेल आणि काठीही तुटणार नाही. जिना चढेपर्यंत त्यांना जरा हलकंही वाटू लागलं होतं.

दारात ॲम्प होता. शेजारी धाकटी, हात चोळत.

"रिक्षावाल्याने वर आणायला मदत केली," ती म्हणाली. "हत्तीचं पिल्लू आहे हो भावजी हे तुमचं."

"अगं, सांगायचं तरी. मी आलो असतो."

"म्हटलं, एकदा बघून घ्या. कार्यक्रमाच्या आधी."

त्यांनी ॲम्प आत घेतला, टेबलावर चढवला. ती पलीकडे उभी राहिली. तिने प्लगची वायर नीट वेटोळी करून वर बांधली होती.

"काय असेल?" तिने विचारलं. साधंच विचारलं, आणि मग ती थांबली. नेहमी एका प्रश्नावर तीन प्रश्न विचारणारी मुलगी गप्प उभी राहिली.

आता सांगावं, असं त्यांच्या मनात आलं. वाक्यही तयार झालं. "असेल एखादा सांधा सैल," त्यांचं तोंड म्हणालं. "बघतो."

तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. "असेल. तुम्ही बघा निवांत." चपला घालताना ती म्हणाली, "मी काही अर्थ काढत नाही, भावजी."

ते हसले. जुना विनोद होता तो, आणि त्यांना वाटलं, पोरगी सावरतेय. ती जिना उतरली तरी हसू तोंडावर होतं.

दिवा ओढून त्यांनी प्लगचा स्क्रू फिरवला. झाकण निघालं. हिरवी वायर होती तशीच मागे दुमडलेली, तिच्यावर काळी पट्टी. त्यांनी पट्टीचं टोक शोधायला नख फिरवलं. टोक सापडेना.

त्यांनी प्लग दिव्याखाली आणला. पट्टी घट्ट, सपाट बसवली होती. टोक दुमडलेलं नव्हतं. कात्रीने सरळ रेषेत कापून चापून चिकटवलं होतं. अशी पट्टी एकच माणूस कापायचं. धाकटीला पहिली वायर बांधायला शिकवली तेव्हा ते चेष्टेने म्हणाले होते, "अगं, शिवणकाम आहे का हे? टोक दुमड, नाहीतर पुढचा माणूस उघडणार कसा?" आणि आणखी एक गोष्ट शिकवली होती. कुठलंही यंत्र बिघडलं तर आधी प्लग उघडून बघायचा. माणसं चोरी तिथेच करतात.

स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, "काही सापडलं का हो?"

प्लग तळहातावर घेऊन ते बसून राहिले. तिने उघडला, पाहिलं, आणि पुन्हा होता तसा बांधून त्यांच्या दारात आणून ठेवला. गटाला एका शब्दाने सांगितलं नाही. बहिणीलाही नाही, तिच्या लेखी बिघाड धाकटीतच राहू दिला. वर विचारायलाही आली, काय असेल, आणि उत्तरासाठी जागा मोकळी ठेवून उभी राहिली. तिथे त्यांनी एक सैल सांधा ठेवून दिला.

कानांच्या पाळ्या गरम झाल्या. खोलीत कुणी नसतानाही त्यांनी मान खाली घातली.

कार्यक्रमाआधीच्या शेवटच्या तालमीला त्यांनी ॲम्प स्वतः नेला. हिरवी वायर जागेवर होती, कपॅसिटर कोरा करकरीत, आणि ट्रान्सफॉर्मर मिक्सरच्या वायरीत एका छोट्या डबीत. बटण दाबलं. भुंगा नव्हता. खोलीही होती तशीच: गाद्या, वखारीतला भुसा, कप्तानच्या स्टँडवर धाकटीच्या गाण्याचा कागद.

"वा, डॉक्टर! काय होतं?" कप्तानने तार जुळवता जुळवता विचारलं.

धाकटी बेस गळ्यात अडकवत होती. त्यांनी हात पुढे केला. ती क्षणभर घोटाळली, मग तिने बेस त्यांच्याकडे दिला. पट्टा त्यांना आखूड पडत होता. बेस छातीवर आडवा आला. त्यांनी डावा हात चारही तारांवर पसरून दाबून ठेवला आणि माइककडे चालू लागले.

"अरे बापरे, डॉक्टर गाणार!" ड्रमवाला ओरडला. "कापूस द्या कुणीतरी!"

त्यांनी डोळे मिटले आणि ओठ माइकच्या जाळीला टेकवले. जाळी थंड होती. काही झालं नाही. तार मुकी, ओठ शाबूत. मागे कुणीतरी टाळी वाजवली.

"चावत नाही ना?" कप्तान म्हणाला. "मी काय सांगत होतो? सगळे मनाचे खेळ."

त्यांनी डोळे उघडले. समोर धाकटी उभी होती, रिकामे हात एकमेकांत गुंतवून. तिने अगदी किंचित मान हलवली: राहू द्या.

आता बेस परत द्यायचा आणि स्टुलावर जाऊन बसायचं, एवढंच राहिलं होतं. त्यांनी घसा खाकरला. ते खाकरणं त्यांना चारही कोपऱ्यांतून ऐकू आलं, मोठं आणि खरखरीत. ड्रमवाला हसायचा थांबला. कप्तानने तारेवरून हात उचलला.

ओठ अजून जाळीलाच होते. माइक चालू होता.